अतिलांब तलवार आणि लोहाराचे नाव

तलवारीची गोष्ट निघाली की आपल्याकडे प्रथम तिच्या धन्याचे नाव निघते. भवानी तलवार कोणाची हे शाळेतले पोरही सांगेल. ती कोणाच्या भट्टीत तापली हे विचारणारा विरळा. जपानात जुन्या तलवारींचा संग्रह करणाऱ्यांची रीत उलटी आहे. तलवार हाती आली की ते मुठीतील बांबूची खुंटी हलकेच ठोकून काढतात, मूठ उतरवतात आणि मुठीत दडलेले पात्याचे बूड उजेडात धरतात. घडविणाऱ्या लोहाराने आपले नाव, गाव आणि कधी कधी साल-महिनाही तेथे छिन्नीने कोरलेला असतो. आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. आमच्या माणसांनी केलेल्या मालावर छाप नेहमी कारखान्याची. ज्याने तो घडविला त्याचे नाव हजेरीपटापलीकडे जात नाही. तेव्हा वर्गणीच्या पावतीपुस्तकांखेरीज ज्यांनी कसलाही संग्रह केला नाही अशा आम्हांला या तलवारींची ओढ लागली यात नवल नाही. त्यातही आम्ही येथे बोलणार आहोत ते अतिलांब तलवारींविषयी. नाव राहणे आणि नाव जाणे यांचा इतिहास जितका त्यांच्या बुडाशी लिहिलेला आहे तितका अन्यत्र नाही.

जपानी मापात एक शाकू म्हणजे सुमारे 30.3 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपला फूट. टोकापासून मुठीजवळच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजलेले पाते तीन शाकूंहून अधिक भरले की त्या तलवारीस ओदाची, म्हणजे थोरली तलवार, म्हणतात. नोदाची, म्हणजे मैदानातली तलवार, हेही नाव आहे. पुढच्या शांततेच्या काळात सामुराईच्या कमरेला जी तलवार असे तिचे पाते साधारण 70 सेंटिमीटरांचे, हे तुलनेसाठी ध्यानात ठेवावे.

या थोरल्या तलवारीचा भरभराटीचा काळ चौदावे शतक. 1336 ते 1392 या काळात जपानात दोन दरबार होते, एक क्योतोचा आणि दुसरा दक्षिणेकडे योशिनोच्या डोंगरातला. दोन्हींकडे सम्राट, आणि दोन्हींच्या नावाने देशभर लढाया चाललेल्या. लांब पात्याची तलवार घेऊन शत्रूच्या घोळक्यात घुसणाऱ्या बलदंड योद्ध्यांचा हा काळ. अशी तलवार कमरेची उपसता येत नाही, हात पुरत नाही. म्हणून ती पाठीवर बांधीत किंवा चाकर खांद्यावर वाहून नेई, आणि वेळ आली की तो म्यान ओढून काढी. ओझे वाहणारा एक आणि मिरवणारा दुसरा, हा प्रकार केवळ आमच्या गोदामांतच आहे असे समजण्याचे कारण नाही. नागोयाच्या आत्सुता देवस्थानात ‘तारोताची’ नावाची तलवार आहे. तिचे पाते सुमारे 221 सेंटिमीटर. 1570 साली आनेगावाच्या लढाईत पडलेल्या माकारा घराण्यातील वीराची ती, अशी परंपरा आहे. मियामोतो मुसाशीच्या हातून मेलेल्या कोजिरोच्या लांब तलवारीला तर लोक ‘कपडे वाळत घालण्याची काठी’ म्हणत. पण त्या गोष्टीत इतिहास किती आणि नाटक किती, हे निवडणे कठीण आहे.

आता अशी तलवार घडत कशी, ते पाहू. लोखंड मिळे नदीच्या आणि डोंगराच्या काळ्या वाळूतून. मातीच्या भट्टीत ही वाळू आणि कोळसा आळीपाळीने टाकीत तीन दिवस आणि तीन रात्री जाळ चालू ठेवावा लागे. भाता पायांनी चालवावयाचा, आणि तो क्षणभरही थांबता कामा नये. भाता तुडविणाऱ्या या माणसांना बान्को म्हणत. ते पाळी बदलून काम करीत, आणि ‘आळीपाळीने’ या अर्थाचा जपानी शब्द त्यांच्यावरूनच आला असे सांगतात. पाळीची पद्धत गिरण्यांनी काढली असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनी हे लक्षात घ्यावे. भट्टी फोडून काढलेल्या गोळ्यातला निवडक भाग म्हणजे तलवारीचे पोलाद. ते तापवून, ठोकून, दुमडून पुन्हा ठोकावयाचे. उस्तादाच्या हातात लहान हातोडी; तो इशारा देतो, आणि समोर उभे असलेले दोघे-तिघे थोर घण घालतात. या समोरून पडणाऱ्या घावाला जपानी भाषेत आइझुचि म्हणतात. कोणी बोलत असता ऐकणारा जो हुंकार देतो त्यालाही तिकडे हाच शब्द आहे.

लांब पात्याची खरी कसोटी मात्र पाणी देण्याच्या वेळी लागते. पात्यावर मातीचा लेप द्यावयाचा, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड, आणि मग सबंध पाते एकसारखे तापवून एकदम पाण्यात घालावयाचे. धार झटकन निवते आणि कठीण होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. पात्याला बाकही याच वेळी अधिक येतो. दोन हातांच्या पात्याला हे साधणे वेगळे आणि मनुष्याच्या उंचीहून मोठ्या पात्याला साधणे वेगळे. बुडाकडचा भाग लाल होईतो टोक काळे पडू लागते. कोठे कमी ताव राहिला तर धार मऊ, कोठे जास्त झाला तर चीर पडते, आणि महिन्यांची मेहनत भंगारात जाते. एवढे लांब जाळाचे आळे, एवढी लांब पाण्याची डोणी आणि एका इशाऱ्यावर हलणारे इतके हात लागतात. भट्टीवर काम केलेल्या आमच्या सभासदांना आम्ही हे वर्णन सांगितले, तेव्हा त्यांनी तलवार कोणत्या राजाची हे विचारले नाही. पाते वाकडे न होता बाहेर कसे काढीत, हे विचारले. उत्तर असे की ते थोडेफार वाकतेच, आणि मग ठोकून सरळ करावे लागते.

बुडावर नाव येते ते एकट्या उस्तादाचे. घण मारणारे, भाता तुडविणारे, दगडांवर घासून पात्याला रूप देणारा शिकलगार, म्यान करणारा सुतार, मूठ बांधणारा, यांची नावे पात्यावर नाहीत. तरी निदान एका श्रमणाऱ्याचे नाव शस्त्रावर कोरण्याचा रिवाज शतकानुशतके चालला, ही गोष्ट लहान नव्हे.

हे नाव गेले कसे? पंधराव्या-सोळाव्या शतकात युद्ध बदलले. घोड्यावरच्या एकट्या वीराऐवजी लांब भाले घेतलेल्या पायदळाच्या रांगा आल्या, आणि 1543 नंतर बंदुकाही आल्या. पायी लढणाऱ्याला कमरेची चटकन उपसता येईल अशी तलवार हवी. जुन्या थोरल्या तलवारींचे पोलाद उत्तम, म्हणून त्या आखूड करण्यात येऊ लागल्या. टोकाकडून कापता येत नाही, कारण टोकाची घडण आणि तेथले पाणी एकदा गेले की परत येत नाही. म्हणून बूड कापावयाचे, खाच वर सरकवावयाची आणि खुंटीसाठी नवे भोक पाडावयाचे. बूड गेले की नाव गेले. आज संग्राहक बुडावरची भोके मोजतात ती यासाठीच: दोन-तीन भोके म्हणजे तलवार दोन-तीनदा नव्या मुठीत बसली असावी.

कापलेल्या जागी पुढे कोणाची नावे आली, हे पाहण्यासारखे आहे. 1560 साली ओकेहाझामाच्या लढाईत ओदा नोबुनागाने इमागावा योशिमोतोला मारले आणि त्याची तलवार घेतली. ही काही अतिलांब तलवार नव्हे, पण उदाहरण बोलके आहे. नोबुनागाने ती आखूड करवून बुडावर सोन्याच्या अक्षरांत लढाईची तारीख, योशिमोतोला मारले तेव्हा ही त्याच्यापाशी होती हा मजकूर आणि स्वतःचे नाव जडविले. नोबुनागाचीच दुसरी एक नामांकित तलवार आज फुकुओकाच्या संग्रहालयात आहे. तिच्या बुडाच्या एका बाजूस होनामी घराण्यातील पारख्याने ही हासेबे कुनिशिगेची असा निर्वाळा सोन्यात लिहिला आहे, आणि दुसऱ्या बाजूस पुढचा मालक कुरोदा याचे नाव. म्हणजे लोहाराचे नाव पारख्याच्या अनुमानाने, मालकाचे नाव पक्के!

तथापि सर्वांनी असे केले नाही. काहींनी बूड कापताना नावाचा तुकडा पत्र्यासारखा पातळ करून उलट्या बाजूस दुमडून बसविला. असे नाव उलटे दिसते. काहींनी नावाचा चौकोन कापून घेऊन नव्या बुडात चौकटीसारखा जडविला. हे करणाऱ्याला जादा काम पडले आणि तलवारीच्या धारेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. अशी तलवार पाहिली की कोण्या अज्ञात कारागिराने दुसऱ्या कारागिराची राखलेली बूज आम्हांस दिसते. अर्थात उस्तादाचे नाव असले की तलवारीचे मोल चढे, हेही त्यामागे होतेच. जेथे मोल तेथे लबाडी. मोठ्या लोहारांची खोटी नावे कोरलेली पातीही बाजारात पुष्कळ आली.

1588 साली तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम सोडला. हत्यारे जवळ असली की सारावसुलीस अडथळा येतो आणि बंडे होतात, हे त्या हुकमात उघड म्हटले आहे. आणि गोळा केलेले लोखंड क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिराला खिळ्यांसाठी लागेल, म्हणून देणाऱ्यांचे इहलोकी आणि परलोकी कल्याण होईल, असेही! मालकाने पगार कापून तो धर्मादायात घातल्याची पावती द्यावी, तसा हा प्रकार. 1596 च्या भूकंपात तो बुद्धही मोडला. पुढे तोकुगावांच्या राज्यात तलवारीच्या लांबीवरच मर्यादा आली आणि उरलेल्या कित्येक लांब तलवारी कापल्या गेल्या.

वाचल्या त्या मुख्यतः देवांच्या पदरी. देवाला वाहिलेली तलवार कोणी कमरेला लावीत नाही, म्हणून ती कोणी कापतही नाही. निक्कोच्या फुतारासान देवस्थानातील ‘नेनेकिरीमारु’चे पाते 216 सेंटिमीटरांहून अधिक आहे. ओकायामाच्या किबित्सु देवस्थानात ओसाफुने गावच्या नोरिमित्सु लोहाराची पंधराव्या शतकाच्या मध्यावरची तलवार आहे. तिचे पाते 226.7 सेंटिमीटर, एकूण लांबी 377 आणि वजन साडेचौदा किलो. अशा काही तलवारी मुळात देवासाठीच घडविल्या गेल्या. सर्वांत मोठी मानली जाते ती यामागुचि प्रांतातल्या हानाओका हाचिमान देवस्थानची. ती 1859 सालची, साडेचार मीटरांहून लांब आणि 75 किलो वजनाची. ती कोणी चालविणार नव्हते. गावच्या लोहारांनी आपल्याला काय साधते ते देवापुढे ठेवले, असेच आम्ही समजतो.

1876 साली तलवार बाळगून हिंडण्यास बंदी झाली आणि लोहारांचा धंदा बसला. पुष्कळांनी सुऱ्या-विळे करून पोट भरले. 1945 नंतर अमेरिकी सैन्याने तलवारी जप्त केल्या, असंख्य नष्ट झाल्या. होन्मा जुन्जि आदी जाणकारांनी लष्करी अधिकाऱ्यांना पटवून कलेच्या वस्तू म्हणून काही वाचविल्या. तोकियोतील आकाबाने कोठारात साठलेल्यांपैकी पाच हजारांहून अधिक तलवारी संग्रहालयाकडे गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा 1999 साली देशभरच्या संग्रहालयांना वाटण्यात आल्या. आज जपानात तलवार बाळगावयाची तर तिचे नोंदणीपत्र लागते. त्यात लांबी, बाक, बुडावरची भोके आणि नाव यांची नोंद असते. नाव नसेल तर तसे लिहितात. जाणता संग्राहक बुडावरचा काळा गंज कधीही घासत नाही. वयाचा पुरावा त्या गंजातच असतो. हौशी श्रीमंत मात्र लांबीला भुलतो, दिवाणखान्याची भिंत भरते म्हणून घेतो, आणि बूड घासून चकचकीत करतो.

ओमिशिमा बेटावरच्या ओयामाझुमि देवस्थानात जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत गणलेल्या दोन थोरल्या तलवारी आहेत. एकीचे पाते 180 सेंटिमीटर. ती ओमोरी हिकोशिचि या योद्ध्याची म्हणून सांगतात. तिच्यावर नाव नाही. बुंगो प्रांताच्या तोमोयुकिची असावी, हे अनुमान. दुसरी तिच्याहून हातभर आखूड. ती सम्राट गो-मुराकामीने वाहिली, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट. पण तिच्या बुडावर 1366 हे साल आणि सेंजुइन नागायोशि हे लोहाराचे नाव छिन्नीने कोरलेले आहे, आणि ते आजही वाचता येते.