मुंग्यांपासून चौकोनांपर्यंत : वऱ्हाडातील दूरचित्रवाणीच्या चित्रगुणवत्तेचा इतिहास

प्रस्तावना

दूरचित्रवाणीच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, ते बहुतांशी कार्यक्रमांचे, वाहिन्यांचे आणि त्यांच्या सामाजिक परिणामांचे आहे. पडद्यावर उमटणारे चित्र स्वतः कसे होते, ते किती स्वच्छ होते आणि का बिघडत होते, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे असे आपण गृहीत धरले आहे. प्रस्तुत लेखात अमरावती व अकोला या परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. अमुक काळातील चित्र कोणत्या कारणाने अस्पष्ट आहे, हे ओळखता आल्याशिवाय त्या चित्राचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करता येत नाही, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

अंतराचा काळ

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मुंबईपासून सुमारे ६०० किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडाला त्याचा थेट उपयोग नव्हता. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि १९८४ पासून देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. उपग्रहाकडून आलेला संकेत प्रक्षेपकाने घ्यावा आणि आसपासच्या काही किलोमीटरांत पसरवावा, अशी ही व्यवस्था होती. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा आणि मधे पूर्णेचे सपाट खोरे, या भूरचनेत सपाटीवरील गावांना चित्र मिळे. मेळघाटातील गावे डोंगराआड राहत.

या काळातील चित्राचा दोष म्हणजे मुंग्या. प्रक्षेपकापासून दूर जावे तसतशा पडद्यावरील मुंग्या वाढत. परावर्तित लहरींमुळे एका माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसे. माळवदावर अँटेना फिरविणारा एक, खाली पडद्यासमोर एक, आणि दोघांत ‘आलं काय?’ ‘आलं, आलं... गेलं!’ असा संवाद, हे प्रस्तुत लेखकाच्या बालपणीचे नित्याचे दृश्य होते. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, हा दोष क्रमाक्रमाने वाढत असे. चित्र अगदी फिके झाले तरी चेहरा ओळखू येई.

गर्दीचा काळ

दूरदर्शनचे चित्र ६२५ रेषांचे होते. त्याचे अंकीय रूप ७२० गुणिले ५७६ चित्रबिंदूंचे. ते जसेच्या तसे पाठवावयाचे तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट लागतात. उपग्रहावरील एका ट्रान्सपाँडरची क्षमता, तबकड्या बसविणाऱ्या कारागिरांना तोंडपाठ असलेल्या २७५०० या सिम्बॉल रेटला, साधारण ३८ मेगाबिट भरते. अर्थात, संपीडनाशिवाय एकही वाहिनी त्यात मावत नाही.

हा पेच सोडविणारे गणित एका भारतीयाच्या नावाशी जोडलेले आहे. बंगळुरू येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ प्रसिद्ध केला. त्याआधी १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे त्यांनी अनुदानासाठी पाठविलेला प्रस्ताव नामंजूर झाला होता. (लघुसंशोधन प्रकल्प परत आलेल्या प्राध्यापकबंधूंनी हे ध्यानी ठेवावे.) या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनातील ठळक छटा ठेवतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळतात. जागा अपुरी पडली की गाळणी अधिक जाड होते. मग शेजारच्या चौकोनांचे कडे जुळत नाहीत आणि चित्र फरशी बसविल्यासारखे दिसू लागते. अक्षरांच्या कडेला डासांचा थवा घोंगावल्यासारखी थरथर दिसते. संध्याकाळच्या आकाशात पायऱ्या उमटतात.

डिश टीव्ही २००३ मध्ये, दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये आणि टाटा स्काय २००६ मध्ये सुरू झाली. वऱ्हाडातील गच्च्यांवर आग्नेयेकडे तोंड करून, आकाशात सुमारे ६० अंश नजर लावून तबकड्या उभ्या राहिल्या. मुंबई आणि धारणी यांना प्रथमच एकसारखे चित्र मिळू लागले. अंतर संपले, पण टंचाई संपली नाही. एका ट्रान्सपाँडरवर ४ मेगाबिटच्या नऊ वाहिन्या बसतात. अडीच मेगाबिटच्या पंधरा. व्यापाराचा कल पंधराकडे असणार, हे सांगावयास नको. शिवाय बिट्सचे वाटप सामाईक असल्याने एका वाहिनीवर क्रिकेटचा सामना रंगला की शेजारच्या वाहिनीच्या वाट्याला कमी येते. पूर्वी चित्र अंतरामुळे बिघडे, आता ते गर्दीमुळे बिघडू लागले.

उच्च-स्पष्टता, म्हणजे एचडी, आल्याने हा ताण मिटेल असे वाटले होते. ऑक्टोबर २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनने एचडी प्रसारण केले. स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ मध्ये आल्या. एचडीचे चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचे, म्हणजे जुन्याच्या नेमके पाचपट असते. संपीडनाशिवाय त्याला सुमारे ८२९ मेगाबिट लागतात. घरी पोहोचतात साधारण पाच ते दहा. शंभरातील नव्व्याण्णव भाग वाटेतच गाळले जातात. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ पद्धतीमुळे हे शक्य झाले, यात शंका नाही. मात्र भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या आदेशात वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरली गेली. पाचपट बिंदू, दुप्पट मोजणी. ‘एचडी’ हे नाव बिंदूंची संख्या सांगते, त्या बिंदूंत किती माहिती उरली हे सांगत नाही. ग्राहक मात्र नावाचे पैसे देतो.

केबलधारकांची स्थिती आणखी निराळी. अकोला व अमरावती ही शहरे केबलच्या अंकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यात होती. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. उपग्रहावरून आलेले चित्र उलगडून पुन्हा संपीडित केले, तर पहिल्या गाळणीचे दोष दुसरीला तपशील वाटतात आणि ती त्यांच्यावरच बिट्स खर्च करते.

काय गाळले जाते

संपीडन सर्व दृश्यांशी समान वागत नाही. दिवाणखान्यात बसून बोलणारी दोन पात्रे त्याला सोपी जातात, कारण मागची भिंत हलत नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी मात्र त्याला कठीण जाते: हजारो पताका, टाळांची हालचाल, वर आषाढाचा पाऊस. वाऱ्याने हलणारे ज्वारीचे शेत, पूर्णेचा पूर, गुलालाची उधळण, कंदिलाच्या उजेडातील कीर्तन, हे सारे चौकोनांत विरघळते. कोणाच्या मनात पक्षपात नसताना तंत्र दिवाणखान्याच्या बाजूने झुकते, हे नोंदविणे आवश्यक वाटते.

त्यातच पावसाळ्यात थेंब कू बँडच्या लहरी शोषून घेतात. अंकीय चित्रात मुंग्या येत नाहीत. क्षणभर चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो. होळीच्या सुमारास व नवरात्राच्या दिवसांत सूर्य काही मिनिटे नेमका उपग्रहामागे येतो, तेव्हाही हेच घडते.

साधनाचा प्रश्न

दूरदर्शनचे बहुतेक जुने भू-प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. त्या काळातील चित्रफिती आणि नंतरच्या अंकीय प्रती आता अभ्यासकांसमोर एकत्र येतात. एका महाविद्यालयातील स्नेहसंमेलनाची १९९० च्या दशकातील व्हीएचएस फीत प्रस्तुत लेखकाने पाहिली. मुंग्या होत्या, रंग उडाले होते, पण मागच्या रांगेतील विद्यार्थी ओळखता आले. त्याच फितीची पुढे तबकडीवर आणि तबकडीवरून मोबाइलवर उतरविलेली प्रत अधिक स्वच्छ भासते. तिच्यात मागची रांग म्हणजे तपकिरी चौकोनांची एक पट्टी आहे. मूळ फीत त्यानंतर जागा अडते म्हणून टाकून देण्यात आली.