शिक्का थोरल्याचा, नांगर धाकट्याचा

आमच्या घरात चांदीची एक जुनी अंगठी आहे, दीड तोळ्याची. दागिना म्हणून बघाल तर तिच्यात काही नाही. खडा नाही, नक्षी नाही. वर चपटी पाटी, तिच्यावर एक नांगर आणि खाली दोन ओळी उलटी अक्षरं. आजी म्हणायची, "देवाचं नाव हाय ते, सरळ वाचायचं नसतंय." मी चौथीत असताना मास्तरांनी ती शाळेतल्या शाईच्या गादीवर टेकवली आणि वहीवर दाबली. सरळ उमटलं: मोकदम, मौजे आणि पुढं आमच्या गावाचं नाव. माणसाचं नाव कुठंच नव्हतं.

मोकदम म्हणजे पाटील. नाव नाही, कारण शिक्का हुद्द्याचा. बाप गेला की तीच अंगठी मुलाच्या बोटात. तिकडं रोममध्ये पोप वारला की त्याच्या मुद्रेची अंगठी निकामी करतात, दुसऱ्या कुणी तिचा ठसा मारू नये म्हणून. आपल्याकडं वतन मरत नव्हतं, म्हणून अंगठीही मरत नव्हती.

आता नांगर का? जुन्या महजरांवर गावकऱ्यांच्या सह्या नसतात, निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ज्याच्या हाताला लेखणी ठाऊक नाही, तो आपल्या हत्याराच्या रूपानं कागदावर हजर राहायचा. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. पण नुसता मान नव्हता त्यात. नांगर उमटवला की गावच्या साऱ्याला पाटील जबाबदार. सारा तटला की ठाण्यात आधी त्यालाच नेऊन बसवायचे.

आणि पाटलाच्या शिक्क्यावर राजाचा शिक्का होताच. शहाजीराजांची मुद्रा फारसीत, जिजाऊंचीही फारसीत. शिवाजीराजांची मात्र संस्कृतात, अष्टकोनी. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी, असं तिचं वर्णन तिच्यातच कोरलेलं. 1646 सालच्या पत्रावर ती आहे आणि ते पत्र कशाबद्दल, तर रांझे गावच्या पाटलाबद्दल. बदअंमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी त्याच्याच गोतातल्या माणसाला दिली. पत्राच्या माथ्याला मोठा शिक्का आणि मजकूर संपला की लहान मोर्तब, म्हणजे खाली कुणी ओळ घुसडायची नाही. आपण अजून 'शिक्कामोर्तब झालं' म्हणतो ते यावरूनच.

आमच्या घराण्यात पुढं दोन भाऊ भांडले आणि पाटीलकी वाटली गेली. जमीन वाटणं सोपं. मान वाटायचा म्हणजे घोर. पोळ्याला बैल पुढं कुणाचा, होळीची पोळी आधी कुणाची, टिळा विडा कुणाला, सगळं कागदावर लिहावं लागायचं. आमच्या वाटणीपत्रात 'शिक्का थोरल्याचा, नांगर धाकट्याचा' असं आहे. म्हणजे कागदावर वर शिक्का त्यांनी मारायचा, खाली नांगर आम्ही काढायचा. आम्ही धाकटं घर. आता अंगठीवर तर दोन्ही एकाच पाटीवर आहेत. म्हणजे ती वाटणीच्या आधीची, आणि शिक्का म्हणून खरी जायला हवी होती थोरल्या घरी. ती आमच्याकडं कशी राहिली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण थोरल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य सांगितलं जातं: "दाबली त्येंनी."

1962 च्या कायद्यानं मुलकी पाटीलकी गेली. सारा तलाठ्याकडं, दाखला तलाठ्याकडं. भांडण तेवढं राहिलं. मधे एकदा सोनारानं वजनावर भाव सांगितला, तर थोरल्या घरच्या आप्पांचा निरोप आला, "मोडशीला तर याद राख!" अंगठी त्यांची असल्यासारखाच. मला राग आला नाही. बरोबरच होतं त्यांचं.

गेल्या पोळ्याला मीच त्यांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, आप्पा, पूर्वी पाटीलकी सालआड फिरायची कित्येक गावांत. अंगठीही तशीच फिरवू. आप्पांनी बराच वेळ ती बोटात घालून बघितली. सांध्यावरनं पुढं सरकेना. मग म्हणाले, "कागद करूया. आनि पयलं साल आमचं." कागद झाला. सह्या दोघांनीही बॉलपेननं केल्या.