बंद खिडकीतला प्रवासी

गेल्या पावसाळ्यात वर्गात अक्षांश-रेखांशांचा धडा चालला होता. एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, पाणबुडीला ना सूर्य दिसत, ना तारे. मग आपण कुठे आहोत हे तिला कळते कसे?” मी पडलो मॅट्रिक; त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. उत्तर काही देता आले नाही. पण प्रश्न मनातून जाईना. चार पुस्तके चाळली, तेव्हा जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवतो.

रात्रीच्या गाडीत खिडक्या लावून बसलो, तरी गाडी सुटली की पाठ मागे रेलते आणि थांबली की अंग पुढे झुकते. हा जडत्वाचा धर्म. असा प्रत्येक धक्का बिनचूक मोजून त्याचा हिशेब ठेवला, तर आपण कुठवर आलो हे बाहेर न डोकावताही सांगता येईल. धक्का मोजणारे उपकरण, दिशा धरून ठेवणारे वेगवान भोवरे आणि हिशेब करणारे गणकयंत्र, एवढाच या विद्येचा संसार! खोट एकच. मागच्या बेरजेवर पुढची बेरीज चढत असल्याने बारीकशी चूकही वाढत जाते.

या विद्येचे बाळपण गेले युद्धात. ८ सप्टेंबर १९४४ रोजी जर्मनीचे व्ही-२ हे अस्त्र लंडनच्या चिझिक भागात कोसळले. तीन जीव गेले. त्याच्या पोटात असेच भोवरे होते. इंजिन जेमतेम मिनिटभर चाले. पुढे ते भिरकावलेल्या दगडासारखे जाई. नेम कित्येक किलोमीटरांनी चुके. लंडनसारखे अफाट शहर समोर असले तरच तो ‘लागला’ म्हणायचा!

पुढे अमेरिकेने नावाहो नावाच्या अस्त्रासाठी अधिक नाजूक यंत्र घडवले. १९५७ साली नावाहोची योजनाच रद्द झाली. त्याच वर्षी नॉटिलस ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी उत्तर ध्रुवाकडे निघाली होती. पण बर्फाखाली तिची होकायंत्रे बिघडली आणि तिला परत फिरावे लागले. वर बर्फाचे छत, खाली काळोख आणि दिशेचा पत्ता नाही! त्या खलाशांच्या जिवाचे काय झाले असेल? पुढच्या वर्षी नावाहोसाठी घडलेले ते यंत्र नॉटिलसवर बसवले गेले. ३ ऑगस्ट १९५८ रोजी कप्तान अँडरसन आणि त्यांचे सोबती, सारे मिळून ११६ जण, ध्रुवाखालून गेले आणि बर्फाखालचा प्रवास संपवून ग्रीनलंडच्या बाजूला सुखरूप वर आले. मारण्यासाठी घडवलेल्या यंत्राने माणसे तारली.

पण हे पुण्य फार दिवस एकटे राहिले नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन ही पाणबुडी १६ पोलॅरिस अस्त्रे घेऊन गस्तीवर निघाली. अस्त्राचा पल्ला सुमारे २२०० किलोमीटर; दिशेत एका अंशाची चूक झाली, तर नेम ३८ किलोमीटर ढळणार. शिवाय आपण कुठे आहोत याविषयी पाणबुडीची जी चूक, तीही अस्त्राच्या माथी. म्हणून पाणबुडीला अधूनमधून बाहेरून खातरजमा करून घ्यावी लागे. १९६४ पासून त्या कामी ट्रान्झिट उपग्रह आले. १९७९ साली सेवेत आलेले ट्रायडंट अस्त्र तर वाटेत ताराच पाहून आपली चूक सुधारून घेई.

हे सारे मी वर्गात सांगितले. तोच मुलगा म्हणाला, “म्हणजे नेम अचूक झाला, की माणसे कमी मरतील ना, गुरुजी?”

मलाही आधी तसेच वाटले होते. पण नेम ढोबळ होता तेव्हा अशा अस्त्राने शत्रूच्या शहराला धाक घालता येई, एवढेच. नेम सुधारला तशी शत्रूची जमिनीत पुरलेली अस्त्रेच आधी उडवण्याची भाषा सुरू झाली. आणि ‘तो आधी मारील, त्याआधी मीच मारतो’ ही भीती दोन्हीकडे बळावली.

मी मुलाला इतकेच म्हणालो, “बाळ, आपण कुठे आहोत हे यंत्र सांगते. कुठे जायचे, हे मात्र त्याला विचारायचे नसते.”