खडी, मिलो आणि कोयता

जळकोटच्या बालाघाटी माळावर नांगर दगडाला अडतो. पाऊस हुकला की वर्ष हुकतं. अशा मुलखातल्या गरिबाला ‘अंग मोडून काम नको’ हा टोमणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला.

१९७२च्या दुष्काळाने तो खोटा पाडला. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. बाया-माणसं उन्हात खडी फोडत, पाझर तलावांची माती वाहत. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, घरी चुलीवर लाल मिलो ज्वारीची भाकरी. ही माणसं भीक नव्हे, काम मागत होती. त्याच अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा आला. २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला.

कामचुकारपणाचा डाग तरी पुसला नाही.

दसरा-दिवाळी झाली की इथल्या तांड्यांतल्या कितीतरी घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला निघतात. हिशेबात दोघं मिळून एक कोयता. तापाने पडलं तरी खाडा, आणि त्याचे पैसे अंगावर. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधलेला. गावात लोक म्हणतात, पैसा उडवतात, पोरांची शाळा बुडवतात. हा सरळ अन्याय आहे. ती उचल लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात जाते, आणि मागे सांभाळायला कुणी नसलं की पोरांना सोबत न्यावंच लागतं.

पहाटेच्या थंडीत बाई लेकराला पाचटावर निजवते, चुंबळ सारखी करते आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते.