ऋणको की राजद्रोही? : मल् बेटावरील एक जुनी जप्ती

दिवाणी कज्जात निकालापेक्षा निकालाची बजावणी अधिक बोलकी असते. हुकूमनामा कागदावर सर्वत्र सारखाच दिसतो. तो कोणाच्या हातून, कोणाच्या दारी आणि कोणत्या बळाने पोचतो, यावरून त्या राज्यातील न्यायाची परीक्षा होते. सतराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये आर्गाइलचा अर्ल आणि मल् बेटाचे मॅक्लेन यांच्यात कर्जावरून जो झगडा झाला, तो या दृष्टीने मननीय आहे.

मल् हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे डोंगराळ बेट. तेथील ड्युअर्टचा किल्ला हे मॅक्लेन कुळाच्या प्रमुखाचे ठाणे होते. समोरच्या मुलुखात कॅम्बेल कुळाचे प्रमुख, म्हणजे आर्गाइलचे अर्ल, यांची सत्ता चाले. १६५१ साली इन्व्हरकीदिंगच्या रणांगणावर मॅक्लेनांचा प्रमुख सर हेक्टर हा राजा दुसरा चार्ल्स याच्या पक्षाने लढताना आपल्या शेकडो माणसांसह धारातीर्थी पडला. मागे अल्पवयीन वारस राहिला. घराण्यावर देणी पूर्वीचीच होती. ती फेडण्याचे साधन आता उरले नाही. करांची बाकी आणि इतर धनकोंचे रोखे आर्गाइलच्या तत्कालीन मार्क्विसने आपल्याकडे करून घेतले. अनेकांचे थोडेथोडे देणे एका बलाढ्य शेजाऱ्याचे मोठे येणे बनले.

१६६१ साली राजद्रोहाच्या आरोपावरून ह्या मार्क्विसचा शिरच्छेद झाला. १६६३ मध्ये त्याचा पुत्र आर्चिबाल्ड याला अर्लपद व जहागीर परत मिळाली आणि त्याबरोबर मॅक्लेनांवरील हक्कही मिळाला. परंतु बापाची देणीही त्याच्याच शिरावर होती. स्वतः कर्जात बुडालेला धनको वसुलीच्या कामी किती निष्ठुर होतो, हे कोर्टकचेऱ्यांची माहिती असणाऱ्यास सांगावयास नको.

आता त्या काळचा कायदा पाहू. मुदतीत रक्कम न भरणाऱ्या ऋणकोस प्रथम राजाच्या नावे पैसे भरण्याची आज्ञा होई. तीही मोडल्यास सरकारी हुजऱ्या बाजारचौकातील खांबापाशी उभा राहून तीन वेळा शिंग फुंकी आणि तो इसम राजाचा बंडखोर असल्याचे जाहीर करी. यामागील तर्क चतुर होता. कर्ज थकणे हा अपराध नव्हे. पण राजाज्ञा मोडणे हा अपराध खास! या एका कल्पनेने खासगी देण्याचे रूपांतर राजद्रोहात होई. ऋणकोस कैद करता येई आणि त्याची जंगम मालमत्ता सरकारजमा होई. जमिनीसाठी निराळी रीत होती. कर्जापोटी ती धनकोकडे वर्ग होई आणि ठराविक वर्षांत सोडविली नाही, तर देण्याहून कितीही मोलाची असली तरी कायमची त्याची होई. पूर्वी ही मुदत सात वर्षांची होती. १६६१ च्या कायद्याने ती दहा वर्षे झाली आणि १६७२ च्या कायद्याने ती पद्धतच बदलली. आमच्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम थकलेल्या व्याजास मुद्दलाची मर्यादा घालतो; तसा बांध तेथे नव्हता.

१६७४ साली सर ॲलन मॅक्लेन वारला. त्याचा पुत्र सर जॉन हा अवघ्या चार-एक वर्षांचा होता. कारभार पालकांच्या हाती गेला. अर्लने ताबा मागितला, कुळाने विरोध केला आणि एडिंबरोच्या प्रिव्ही कौन्सिलने अर्लला ‘अग्नी व खड्ग’ यांची सनद दिली. दिवाणी हुकूमनाम्याची बजावणी करावयास आता बेलिफाऐवजी सैन्य निघाले. त्याच वर्षी सप्टेंबरात ते मल् बेटावर उतरले आणि ड्युअर्ट शरण आला. ज्या राजासाठी या मुलाचे पूर्वज पडले, त्याच राजाच्या नावाने ही सनद निघाली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वादी असलेला हा अर्ल प्रिव्ही कौन्सिलचा सभासद होता. आपल्या प्रांताचा वंशपरंपरागत शेरीफ होता. आणि १६७४ सालीच त्याची सर्वोच्च दिवाणी न्यायालयात असाधारण न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली होती. येणे त्याचे, अधिकार त्याचा आणि सैन्यही त्याचेच! त्याचा हक्क मुळात खोटा होता असे नाही. मॅक्लेनांनी पैसे भरले नव्हते, हे खरेच. परंतु प्रतिवादीने दाद मागावी ती कोणाकडे?

सैन्य परतताच रयतेने खंड देण्याचे नाकारले. १६७५ मध्ये अर्लने पुन्हा आरमार सिद्ध केले. ते वादळाने उधळून लावले. एका चेटकिणीच्या मंत्राचे ते फळ, अशी वदंता उठली! जेथे न्यायालयाचा आधार तुटतो, तेथे लोक वादळावर भरवसा ठेवू लागतात. अखेर १६७९ साली कॅथलिकांना निःशस्त्र करण्याचे निमित्त अर्लला लाभले आणि बेट पुन्हा त्याच्या हाती गेले.

पुढे दैवाचा फासा उलटला. १६८१ मध्ये सरकारने सर्व अधिकाऱ्यांस एक शपथ घ्यावयास लावली. ती शपथ आपल्याशीच सुसंगत असेल तेथवर आपण ती घेतो, अशी पुस्ती अर्लने जोडली. तेवढ्यावरून त्याला राजद्रोही ठरविण्यात आले. सावत्र मुलीच्या नोकराचा वेष घेऊन तो एडिंबरोच्या किल्ल्यातून निसटला. परंतु १६८५ मध्ये बंड करून पकडला गेला, तेव्हा नवी चौकशी न होता त्या जुन्याच शिक्षेवर ३० जून रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ज्या शब्दाच्या जोरावर त्याने शेजाऱ्याचे बेट घेतले, त्याच शब्दाने त्याचे शिर घेतले.

मॅक्लेनांस त्याचा लाभ चिरकाल झाला नाही. १६८९ च्या युद्धात ते पदच्युत राजा जेम्सच्या बाजूस राहिले. त्यात राजनिष्ठा होती, तशीच आर्गाइलविषयीची जुनी जळजळही होती. १६९२ मध्ये ड्युअर्ट दहाव्या अर्लच्या स्वाधीन करावा लागला. १७४५ चे बंड मोडल्यावर, १७४७ साली, पार्लमेंटने वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द केले. ड्युअर्टचा पडका किल्ला १९११ मध्ये सर फिट्झरॉय मॅक्लेन याने विकत घेऊन उभारला. परंतु कुळाची जमीन गेली ती गेलीच.

या सर्व प्रकरणात रोखे होते, मुदती होत्या, सनदा होत्या. उणीव होती ती त्रयस्थाची. आजच्या दिवाणी कायद्यात गहाण सोडविण्याचा ऋणकोचा हक्क, जप्तीतून वगळलेली त्याची अवजारे आणि अज्ञानाच्या हिताची काळजी यांची जी कलमे आहेत, ती पुष्कळदा वसुलीस अडथळा वाटतात. धनकोंच्या वतीने मीही कधीकधी त्यांवर चरफडलो आहे. तरी मल् बेटाची ही हकीगत वाचल्यावर त्या अडथळ्यांचे मोल कळते. ऋणको हा देणेकरी असतो; त्याला बंडखोर ठरविण्याची सोय धनकोच्या हाती दिली, की दोघांपैकी कोणीच फार काळ सुरक्षित राहत नाही.