मोजणारे चाक, ऐकणारे दार

१८९० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीचा एक माजी मंत्री हिंदुस्थानातले कालवे पाहायला निघाला. त्याचे नाव आल्फ्रेड डीकिन. त्याच्याच पुढाकाराने १८८६ साली व्हिक्टोरियात नद्यांच्या पाण्यावरचा हक्क सरकारकडे घेणारा कायदा झाला होता. या प्रवासावरचे त्याचे ‘इरिगेटेड इंडिया’ हे पुस्तक १८९३ मध्ये निघाले. १९०३ मध्ये तो ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. योगायोग असा, की विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे खडकवासल्याला बसले तेही १९०३ सालीच. पूर आला की पाण्याच्याच जोराने ते उघडत, माणसाची वाट पाहत नसत. पण धरणावरचा दरवाजा वेगळा आणि शेताच्या बांधावरचे दार वेगळे. पूर कुणाचे तोंड पाहत नाही. पाटाचे पाणी सोडणारा पाहतो, निदान तसा संशय तरी असतोच. आपल्याकडचा पाटकरी आणि टेलचा शेतकरी यांच्यातली जुनी कुरबूर हीच.

डीकिनच्या व्हिक्टोरियात, मरे आणि गोलबर्न या नद्यांच्या सपाट मैदानात, या संशयावर पहिला उतारा १९१० साली सापडला. जॉन डेथरिज या अभियंत्याने एक चाक बनवले. उथळ चरात आडवे बसवलेले पत्र्याचे पिंप आणि त्याला बाहेरून आठ पाती. पाणी वाहिले की चाक फिरते. फेऱ्यांवरून पाणी आणि पाण्यावरून बिल. पाट आणि शेत यांच्या पातळीत थोडेच अंतर असले तरी ते चालते, पालापाचोळ्याने सहसा अडत नाही. आपल्याकडे पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जात असताना तिकडे असे फेरे मोजले जात होते.

चाक मोजत होते, पण पाणी सोडणारा माणूसच होता. शेतकऱ्याने काही दिवस आधी मागणी नोंदवायची. मग पाणीकामगार दारोदार फिरून लाकडी फळ्या काढायचा, घालायचा. पाणी मैलोगणिक जायला वेळ घेते. कुणाची पाळी कोरडी जाऊ नये म्हणून तो थोडे जास्तच सोडी आणि उरलेले पाटाच्या शेवटी नाल्यात सांडे. शिवाय चाक जितके मोजी त्याहून सरासरीने थोडे जास्त पाणी शेतात जाई. हे शेतकऱ्यांना ठाऊक नव्हते असे मानायला मी तयार नाही.

१९९८ पासून रुबिकॉन ही कंपनी आणि मेलबर्न विद्यापीठ यांनी या माणसाच्या जागी बिनतारी यंत्रणा बसवायचे काम हाती घेतले. दाराशेजारी सौरपट्टी, बॅटरी, पातळी मोजणारा संवेदक आणि खांबावर अँटेना. दार आपल्यापुढच्या टप्प्यातली पातळी पाहते, ती घसरली की अधिक उघडते. खरी गोम इथे आहे. तेवढेच केले तर दहाव्या दाराने घेतलेल्या पाण्याने नवव्या टप्प्याची पातळी पडते, ती भरायला नववे दार जरा जास्तच उघडते, आठवे त्याहून जास्त. वर जाता जाता हेलकावा वाढतो. म्हणून खालून किती पाणी चालले आहे हे वरच्या दाराला आधीच कळेल असे गणित बांधावे लागले. बिनतारी संदेश हवा तो यासाठी. घरबसल्या दार उघडणे ही त्यामानाने वरवरची सोय.

मग १९९७ पासूनचा लांब दुष्काळ टिपेला पोचला आणि जून २००७ मध्ये राज्य सरकारने सहा हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या पाटांच्या जाळ्यासाठी १ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. वर्षाला २२५ अब्ज लिटर पाणी वाचेल. त्याचा एक तृतीयांश शेतीला, एक तृतीयांश नदीला आणि एक तृतीयांश, डोंगर ओलांडून ७० किलोमीटरच्या नळाने, मेलबर्न शहराला. ‘प्लग द पाइप’ म्हणत शेतकरी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०१० मध्ये नळ पुरा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी नोंदवले, की बचतीचे आणि खर्चाचे आकडे न पडताळताच पैसा मंजूर झाला होता. वर्षअखेरीस सरकार बदलले, आणि आणीबाणीची गरज सोडून नळ बंद झाला.

माझ्या मते भांडणाचे मूळ ‘बचत’ या शब्दात होते. त्या हिशेबात गळती, बाष्पीभवन, शेवटी सांडणारे पाणी यांच्या जोडीला मापातली चूकही धरलेली होती. म्हणजे चाकाने न मोजलेले पाणी. पण ते हवेत उडाले नव्हते. त्यावर कुणाचे तरी कुरण हिरवे होते. नवे माप अचूक असल्याने ते पाणी शेतातून ‘वाचले’ आणि कागदावर दुसऱ्याचे झाले. मुख्य पाटावर नवे दरवाजे बसले. लहान फाटे बंद करून शेते मुख्य पाटाशी जोडायची होती, ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. जुनी चाके आता कुणाकुणाच्या बागेत शोभेला आहेत.

आपल्या महाबळेश्वरला उगवणाऱ्या कृष्णेवर, कर्नाटकातल्या नारायणपूर डाव्या कालव्यावर, याच घराण्यातले दरवाजे बसले आहेत. वाचलेले पाणी तिथे टेलच्या शेतांना पोचवण्याचा हेतू सांगितला जातो. वरच्या अंगाला ज्याच्या पदरी आजवर जादा पाणी पडत आले, त्याचे ते पाणी वहीत गळती म्हणून लिहिले जाते की वापर म्हणून, हे तिथेही तपासावे लागेल.