दूरध्वनीचे कवच

बंगळूर शहराच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर कृष्णराजपुरमजवळ, दूरवाणीनगर नावाची वसाहत आहे. कानडीत दूरवाणी म्हणजे टेलिफोन. एका यंत्राच्या नावाने वस्ती ओळखली जावी, असा योग आपल्या देशात क्वचितच येतो. स्वातंत्र्य मिळून वर्ष होते न होते तोच, 1948 साली, केंद्र सरकारने येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना सुरू केला. स्वतंत्र भारतात सरकारने उभारलेल्या पहिल्या उद्योगांपैकी हा एक. 1950 साली त्याची कंपनी झाली. लिव्हरपूल येथील ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनी या इंग्रज संस्थेने तांत्रिक साहाय्य दिले. आरंभी परदेशातून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे एकेक भाग येथेच तयार होऊ लागला.

या कारखान्यातून बाहेर पडलेला काळाभोर टेलिफोन एका पिढीच्या स्मरणात पक्का बसला आहे. तबकडीत बोट घालून ती फिरवावयाची, बोट काढताच ती कुरकुरत मागे यावयाची. घंटा अशी की शेजाऱ्यालाही कळावे. यंत्र जड, आणि त्याचा श्रवणक हातात घेतला की काही भरीव वस्तू धरल्यासारखे वाटे. कचेरीतील साहेब बदलत, मेजे बदलत. टेलिफोन मात्र तोच राही. आज कोणी नवा मोबाइल घेण्यास दुकानात गेला, की विक्रेता त्यास हमखास सांगतो, 'ही मेटल बॉडी आहे, मजबूत आहे. ती प्लॅस्टिकची आहे, स्वस्त आहे.' ग्राहकालाही ते पटते, कारण धातू टिकाऊ आणि प्लॅस्टिक तकलादू, हे समीकरण मनात रुजलेले असते. परंतु ज्या टेलिफोनच्या टिकाऊपणाच्या आठवणी वडीलधारी मंडळी काढतात, त्याचे कवच धातूचे नव्हतेच. ते प्लॅस्टिकचे होते.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईस टेलिफोनचे केंद्र 1882 साली उघडले. त्या काळचे टेलिफोन लाकडी पेटीत बसविलेले असत, त्यांचे सुटे भाग पितळेचे व लोखंडाचे. विजेच्या सर्वच यंत्रांपुढे तेव्हा एक अडचण होती: वीज जेथे जाऊ नये तेथे तिला अडवावयाचे कशाने? या कामी जे पदार्थ वापरीत त्यांत लाख प्रमुख होती, आणि ती जगाला पुरविणारा मुख्य देश भारत होता. बंगळूरपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या चन्नपट्टण गावी लाकडी खेळण्यांवर जी चकचकीत रंगीत लाख चढवितात, तीच लाख युरोप-अमेरिकेत विजेच्या तारांच्या वेटोळ्यांवर चढे. मागणी वाढली, भाव चढले. लाखेला पर्याय शोधण्याच्या खटपटीत असलेल्या लिओ बेकलंड या बेल्जममध्ये जन्मलेल्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने 1907 साली फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून एक नवा पदार्थ सिद्ध केला. तोच बेकेलाइट, संपूर्णपणे मानवनिर्मित असे पहिले प्लॅस्टिक.

लाख आणि बेकेलाइट यांतील भेद घरगुती उदाहरणाने सहज उमजेल. लाखेची बांगडी तापविली की मऊ होते, हवा तो आकार घेते, निवाली की कडक होते; पुन्हा तापविली की पुन्हा मऊ. कुंभाराच्या मडक्याचे तसे नाही. एकदा भट्टीत भाजले की त्याची पुन्हा माती होणे नाही. बेकेलाइट मडक्याच्या जातीचे. त्याची भुकटी लाकडाच्या बारीक भुशात मिसळून तापलेल्या पोलादी साच्यात दाबीत. काही मिनिटांत जे कवच बाहेर येई ते उष्णतेने वितळत नसे, विजेला वाट देत नसे, आणि कोकणच्या खाऱ्या हवेतही त्याला गंज चढत नसे. टेलिफोनची घंटा वाजविण्यास पंचाहत्तर व्होल्टच्या आसपास दाबाची वीज लागते. ज्या वस्तूला घरातील लहानथोर सारे हात लावणार, तिचे कवच वीज अडविणारे असावे, यात शहाणपण होते.

तरी धातूचा मोह पाश्चात्त्यांनाही सहजासहजी सुटला नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने 1930 नंतरच्या काही वर्षांत बेकेलाइटचा सुबक टेलिफोन काढला आणि इंग्लंडच्या टपाल खात्याने त्याच वळणाचा नमुना स्वीकारला. अमेरिकेत मात्र 1937 साली हेन्री ड्रेफस यांच्या देखरेखीखाली जो प्रसिद्ध टेलिफोन सिद्ध झाला, त्याचे कवच ओतीव जस्ताचे होते. पुढे महायुद्ध आले, जस्त दारूगोळ्याकडे वळले, आणि 1941 च्या सुमारास तोच टेलिफोन, तोच आकार कायम ठेवून, प्लॅस्टिकमध्ये निघू लागला. धातू की प्लॅस्टिक, हा वाद टेलिफोनच्या बाबतीत असा एकदा निकालात निघाला होता. निकाल दिला तो टंचाईने.

पण बेकेलाइटमध्ये एक मोठा दोष आहे. ते मडक्यासारखे घडते तसे मडक्यासारखे फुटतेही. मेजावरून फरशीवर पडले की त्यास तडा जातो. मग हे यंत्र वीस-वीस, तीस-तीस वर्षे टिकले कसे? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही; ते टपाल व तार खात्याच्या व्यवहारात सापडते. टेलिफोन ज्याच्या घरी असे त्याच्या मालकीचा तो नसे. वर्गणीदार भाडे भरी आणि यंत्र खात्याचे राही. बिघडले तर दुरुस्तीचा भार खात्यावर, फुटले तर बदलण्याचा भारही खात्यावर. ज्याच्या पदरी तुटीचा खर्च पडतो, तो वस्तू टिकेल याची काळजी घेतोच. म्हणून यंत्राच्या तळाशी स्क्रू असत. ते सोडवून खात्याचा कारागीर घंटा, तबकडी, दोर, बोलण्याचा भाग, यांपैकी जे बिघडले असेल तेवढेच बदली. कवचाला तडा गेला तर कवच तेवढे नवे. टिकाऊपणा असा त्या काळ्या पदार्थात कमी आणि त्यामागील व्यवस्थेत अधिक होता.

या व्यवस्थेचे गोडवे मात्र हातचे राखून गावे लागतील. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशात टेलिफोन लाखाच्या आतबाहेर होते, आणि पुढे कित्येक दशके टेलिफोनसाठी अर्ज करून लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. रंग एक, नमुना एक, निवड कसलीच नाही. जे यंत्र बदलण्याची सोयच नव्हती ते टिकले, यात थोडा नाइलाजाचाही भाग होता. 1984 साली ग्राहकाकडील टेलिफोन बनविण्याची मुभा खाजगी कारखानदारांना मिळाली. बेकेलाइटची जागा नव्या, हलक्या, रंगीत प्लॅस्टिकने घेतली. हे प्लॅस्टिक लाखेच्या जातीचे, तापविले की मऊ होणारे. पण पडले तर लवते, सहसा फुटत नाही. हातात ते हलके लागे म्हणून लोकांनी त्यास कमअस्सल ठरविले. धक्का सोसण्यात ते जुन्या काळ्या कवचाहून सरस होते, हे कोणी ध्यानात घेतले नाही.

पुढे टेलिफोन मेजावरून उठून खिशात गेला. भारतात मोबाइलची सेवा 1995 साली सुरू झाली, आणि कवचाचे कामच पालटले. आता ते केवळ झाकण राहिले नाही. त्यातून रेडिओलहरींना ये-जा करावी लागते. धातूच्या बंद पेटीत विद्युत्क्षेत्र शिरत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी 1836 सालीच प्रयोगाने दाखविले होते. प्लॅस्टिक या लहरींना आडकाठी करीत नाही. म्हणून आरंभीचे मोबाइल बहुतेक प्लॅस्टिकचेच. नोकियाचा 2000 साली निघालेला 3310 हा नमुना तर टिकाऊपणाबद्दल दंतकथेस पोहोचला. तो हातातून पडे, त्याचे झाकण एकीकडे व बॅटरी दुसरीकडे जाई. दोन्ही गोळा करून बसविली की पुन्हा चालू. आघाताची शक्ती सुटे भाग वेगळे होण्यातच खर्ची पडे.

धातू परतला तो ॲल्युमिनियमच्या रूपाने. बंगळूरला हा धातू नवा नव्हता. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने 1940 साली येथे विमानांचा कारखाना काढला, आणि तेथेच कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी आखलेले एचटी-2 हे शिकाऊ वैमानिकांचे विमान 1951 साली आकाशात झेपावले. विमानाला ॲल्युमिनियम का हवे, त्याच कारणाने ते मोबाइललाही हवे झाले: पातळ असून ताठ राहावयाचे. चांगल्या प्लॅस्टिकहून ते तीसेक पट ताठ, वजनाने मात्र सव्वादोन पट. शिवाय उष्णता ते प्लॅस्टिकहून सुमारे हजार पट वेगाने वाहून नेते, आणि आजच्या मोबाइलच्या पोटातील गणकयंत्र चांगलेच तापते.

परंतु फॅरडेचा नियम काही टळत नाही. 2007 साली निघालेल्या पहिल्या आयफोनची पाठ ॲल्युमिनियमची होती, तरी तळाशी काळ्या प्लॅस्टिकची पट्टी ठेवावी लागली. पुढच्याच वर्षीच्या नमुन्यात पाठ सबंध प्लॅस्टिकची झाली. धातूचा म्हणून मिरविणाऱ्या मोबाइलच्या कडेला आजही बारीक रेघा दिसतात. त्या शोभेच्या नाहीत, लहरींसाठी सोडलेल्या फटी आहेत. 2014 साली ॲल्युमिनियमचा मोबाइल खिशात वाकल्याच्या तक्रारी गाजल्या आणि पुढच्या वर्षी अधिक कणखर मिश्रधातू योजावा लागला. त्याच कंपनीने 2023 साली महागड्या नमुन्यास टायटॅनियम वापरले आणि 2025 साली पुन्हा ॲल्युमिनियमकडे मोर्चा वळविला. अंतिम उत्तर सापडले असते, तर अशी ये-जा झाली नसती.

सत्य असे की दोहोंचे गुण निरनिराळे. ॲल्युमिनियमला पोचा पडतो तो कायमचा. प्लॅस्टिक लवते आणि पूर्ववत् होते, पण त्यावर ओरखडे लवकर उमटतात. समोरची काच वाचविण्याची खात्री कोणतेच कवच देत नाही. आणि मोबाइल अखेर टाकून दिला जातो तो बहुधा कवच झिजल्यामुळे नव्हे. काही शे वेळा भारित झाल्यावर बॅटरीची धारणशक्ती उतरते. कंपनी नव्या सुधारणा पाठविणे बंद करते. काच फुटते आणि ती बदलण्याचा खर्च डोळ्यांत भरतो. धातूच्या कवचाबरोबर बॅटरी आत सरसाने चिकटविण्याची रीत रूढ झाली, मग काचेच्या व प्लॅस्टिकच्या पाठीच्या मोबाइलांनीही ती उचलली. कवच भक्कम झाले, पण ते उघडणे ग्राहकाच्या हाती राहिले नाही.

आज बंगळूर पुन्हा दूरध्वनीचे शहर झाले आहे. 2017 साली शहरातील पीण्या वसाहतीत ॲल्युमिनियमच्या कवचाचा आयफोन एसई जोडला जाऊ लागला. पुढे कोलार जिल्ह्यातील नरसापूर आणि अलीकडे विमानतळानजीकचे देवनहळ्ळी येथे हे काम वाढले. तमिळनाडूच्या हद्दीतील, पण बंगळूरहून तासादीडतासाच्या अंतरावरील होसूर येथे तर मोबाइलची धातूची कवचेच तयार होतात. त्याच शहरातील सदर पत्रप्पा रस्त्यावर, चिमटे व भिंगे घेऊन बसलेले कारागीर चिकटविलेली कवचे उष्णतेने सैल करून उघडतात. जे तेथेही दुरुस्त होत नाही ते कचऱ्यात जाते. विजेच्या उपकरणांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम भारत सरकारने 2011 साली केले, आणि 2022 साली ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली. युरोपीय संघाने 2027 पासून उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यास काढता-घालता यावी, असा कायदा केला आहे.

या साऱ्या प्रयत्नांचा रोख एकच आहे. टपाल व तार खात्याच्या काळी तुटीचा भार यंत्र पुरविणाऱ्यावर होता. यंत्र ग्राहकाच्या मालकीचे झाले तेव्हा तो भार मुकाट्याने ग्राहकाच्या खिशावर आला. त्यातील काही वाटा पुन्हा करणाऱ्याकडे वळवावा, म्हणजे वस्तू आपोआप अधिक टिकेल, हे दूरवाणीनगरातून निघालेल्या टेलिफोनने फार पूर्वी दाखविले होते. तेव्हा दुकानात उभे राहून धातू की प्लॅस्टिक असे विचारणाऱ्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत: हे उघडते का, आणि बिघडल्यास उघडणार कोण? जुन्या काळ्या टेलिफोनच्या तळाशी ते उत्तर कोणालाही वाचता येईल अशा रीतीने बसविलेले होते. ते साधे स्क्रू होते, आणि ते कोणत्याही पेचकसाने निघत.